फोटोत न आलेली गाठ

मोहगाव म्हटलं की आम्हा गोंयकारांना काहीच आठवत नाही, आणि त्यात आमचा दोषही नाही. नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलं की महाराष्ट्राची हद्द ओलांडल्यावर सौंसर येतं. मोहगाव त्याच तालुक्यातलं. संत्र्याच्या बागा, कापूस, अर्धनारीश्वराचं देऊळ. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा भाग मध्य प्रदेशात राहिला. माणसं घरात मराठी बोलतात, सरकारी कागद हिंदीत भरतात आणि मोठं दुखणं आलं की नागपूर गाठतात. ऑक्टोबर २०२३मध्ये सौंसर आणि पांढुर्णा मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला, तरी दुखण्याची वाट काही बदलली नाही.

माझ्या वहिनीचं माहेर तिथलं, म्हणून हे सारं मला ठाऊक. तिच्या मोठ्या बहिणीला आम्हीही ताईच म्हणतो. काही वर्षांपूर्वी त्या बाजूला एक शिबिर भरलं होतं. गाडी आली, गाडीत मशीन होतं, बायांची रांग लागली. ताईंच्या उजव्या छातीत, काखेच्या बाजूला, हरभऱ्याएवढं काहीतरी हाताला लागत होतं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, पण रांगेत उभ्या राहिल्या त्या त्याच्यासाठीच. आठ दिवसांनी इंग्रजीतला कागद आला. पुतण्याने वाचून सांगितलं, सगळं नॉर्मल आहे.

पुढे चौदा महिने ताई गप्प राहिल्या. "कागदावर त काहीच नाही निंगालं, मंग कायले सांगत बसू घरी?" हे त्यांनी मला नंतर सांगितलं, तेव्हा नागपुरात शस्त्रक्रिया होऊन केमोचे सहा डोस झाले होते आणि काखेतल्या गाठींपर्यंत रोग गेलेला होता. आज त्या बऱ्या आहेत, घरच्या संत्र्यांचा हिशेब स्वतः ठेवतात. पण त्या जुन्या फिल्मबद्दल नागपूरच्या डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते माझ्या डोक्यातून जात नाही. त्यांनी ती उजेडासमोर धरली आणि म्हणाल्या, "यात गाठ नाही हे खरं आहे. गाठ जिथे होती तो भागच यात आलेला नाही."

मला तोवर वाटायचं की मॅमोग्राफी म्हणजे मशीन. मशीन आलं की तपासणी झाली. ताईंच्या फिल्मनंतर मी यातलं बरंच वाचलं, विचारलं, आणि दरम्यान गोव्यात माझीही तपासणी करून घेतली. पावडर किंवा डिओडरंट लावून येऊ नका, असं आधीच बजावलं होतं. त्यातले बारीक कण फिल्मवर पांढरे ठिपके होऊन उमटतात आणि काही कर्करोगांची पहिली खूणही मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके हीच असते. मग त्या टेक्निशियन मुलीने माझा खांदा सैल करायला लावला, हात दांड्यावर ठेवला, काखेपासूनचा सगळा भाग पुढे ओढून घेतला आणि वरून प्लेट दाबली. दुखतं. खोटं कशाला सांगू, चांगलंच दुखतं! पण तो दाब आखडता घेतला की आतले पदर एकमेकांवर राहतात, चित्र हलतं आणि किरणांचा डोसही जास्त लागतो. प्रत्येक बाजूचे दोन फोटो, एक वरून खाली आणि एक तिरपा. तिरप्या फोटोत छातीचा स्नायू पुरेसा खालपर्यंत दिसला नाही, तर मागचा आणि काखेकडचा भाग सुटला असं समजायचं. बहुतेक कर्करोग वरच्या, बाहेरच्या चतुर्थांशात होतात, आणि घाईत नेमका तोच कोपरा निसटतो. ताईंचा एका बाजूचा एकेकच फोटो काढला होता, तोही वरून.

अमेरिकेत असले प्रकार इतके होऊ लागले की तिथल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने १९८७मध्ये स्वेच्छेने केंद्रं तपासून घेण्याची योजना काढली आणि १९९२मध्ये थेट कायदाच झाला. १ ऑक्टोबर १९९४पासून प्रमाणपत्राशिवाय तिथे मॅमोग्राफी करता येत नाही. स्तनाच्या जागी अॅक्रिलिकचा एक ठोकळा ठेवून फोटो काढतात. ठोकळ्यात बारीक तंतू, कण आणि गाठी बसवलेल्या असतात, त्यातल्या ठरावीक संख्येने दिसल्याच पाहिजेत. फोटो वाचणाऱ्या डॉक्टरने दोन वर्षांत किमान ९६० तपासण्या वाचल्या पाहिजेत. आणि १९९८च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट सक्तीची झाली: निकाल बाईला स्वतःला, तिला समजेल अशा सोप्या भाषेत लेखी कळवायचा. मला सगळ्यात जास्त हेवा या शेवटच्या नियमाचा वाटला.

आपल्याकडे एक्स-रे मशीनवर मुंबईच्या अणुऊर्जा नियामक परिषदेचं लक्ष असतं. परवाना लागतो, दर दोन वर्षांनी मशीनची गुणवत्ता-चाचणी लागते. पण बाईला मशीनसमोर नीट उभी कोण करतं, फोटो कोण आणि किती सरावाने वाचतं, शिबिर उठून गेल्यावर तिची चौकशी कोण करतं, हे मशीनच्या चाचणीत येत नाही.

आणि यावर उपाय म्हणून गावोगाव महागडी मशीनं आणा, असं कुणी म्हणत असेल तर त्याने मुंबईचा एक प्रयोग जरूर पाहावा. टाटा मेमोरियलच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी १९९८मध्ये मुंबईतल्या वस्त्यांमधून ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका निवडल्या. निम्म्या वस्त्यांत मॅमोग्राफी नव्हे, फक्त हाताने तपासणी. तीही डॉक्टरांनी नाही, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी, दर दोन वर्षांनी, चार वेळा. संशय आला की टाटामध्ये पुढच्या तपासण्या. वीस वर्षांनी, २०२१मध्ये, निकाल छापून आला. तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेले कर्करोग ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र मृत्यू कमी झाले नाहीत, आणि सगळ्या वयांचा मिळून आलेला १५ टक्क्यांचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही. हेही सांगायला हवं, नाहीतर मीही शिबिरवाल्यांसारखीच बोलेन.

त्या आरोग्यसेविकांकडे शिकवलेली बोटं होती, आणि मागे इस्पितळ उभं होतं. आपल्या सरकारने २०१६मध्ये जो आराखडा काढला त्यातही ३० ते ६५ वयाच्या बायकांची हातानेच तपासणी करायची आहे, दर पाच वर्षांनी. पण २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या किती बायकांनी स्तनांची तपासणी कधीतरी करून घेतली होती? शंभरात एकही पुरती नाही. ०.९ टक्के! आमच्या गोव्यात २०२१मध्ये 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' ही मोहीम निघाली. हातात धरायच्या, किरण नसलेल्या यंत्राने एक लाख बायका तपासायचं ठरलं. इथे आरोग्य केंद्र जवळ, बांबोळीचं गोमेकॉ फार तर दोन तासांवर. संशयित बाईला हाताला धरून पुढे नेणं गोव्यात जमू शकतं. मोहगावच्या बाईला त्यासाठी राज्य ओलांडावं लागतं, एका दिवसाची मजुरी बुडवावी लागते आणि बरोबर कुणीतरी पुरुष माणूस शोधावा लागतो. तिचा पहिला कागद चुकीचा निघाला तर दुसऱ्यांदा ती येईलच कशाला?

उलट्या बाजूचीही चूक होते. धूसर फोटोत नसलेली गाठ दिसते, सुई टोचावी लागते आणि निकाल येईपर्यंत घरात चूल पेटत नाही. वहिनीच्या एका चुलतबहिणीचं तसं झालं. आता ती तपासणीचं नाव काढू देत नाही.

ताईंच्या बाबतीत सगळ्यात साधी गोष्ट हुकली ती निराळीच. स्क्रीनिंगची मॅमोग्राफी असते काहीच तक्रार नसलेल्या बाईसाठी. हाताला गाठ लागत असेल तर फोटो कितीही स्वच्छ असो, सोनोग्राफी हवी, गरज पडल्यास सुईची तपासणी हवी. दाट स्तनांत पेशीही पांढऱ्या, रोगही पांढरा, चांगल्या फोटोतही तो लपतो. रांगेतल्या बाईला "हाताला काही लागतं का, बाई?" एवढं मराठीत विचारायला किती वेळ लागला असता? ताईंना कुणी विचारलं नाही, आणि आपणहून सांगण्यासारखी ती जागा नव्हती. गाडीच्या दारात जावयाच्या गावची माणसं उभी होती.

वहिनी आता माहेरी गेली की बायांना दोन-तीन गोष्टी सांगते. दोन्ही बाजूंचे दोन-दोन फोटो काढून घ्या. फोटो कोण वाचणार ते विचारा. कागद नॉर्मल आला आणि गाठ तशीच असली तर महिन्याभरात पुन्हा दाखवा. आणि जुन्या फिल्म फेकू नका, कारण पुढच्या वेळी वाचणारा त्या शेजारी ठेवून फरक शोधतो. तिच्या आईने तर तिची फिल्म शेताच्या खसऱ्याच्या कागदांबरोबर पेटीत ठेवली आहे, घडी न घालता.