नानांची नॅनो

आमच्या घरी वडिलांना 'नाना' म्हणतात. त्यामुळे १० जानेवारी २००८ ला दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत रतन टाटांनी ती पिटुकली गाडी जगापुढे आणली आणि तिचं नाव नॅनो असल्याचं कळलं, तेव्हा कोल्हारात आमच्या आळीत काय झालं असेल ते तुम्हीच इमॅजिन करा. दूधवाल्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांचा एकच डायलॉग, "काय नाना, टाटानं तुमच्या नावाची गाडी काढली म्हणे!" नाना नुसते गालात हसायचे.

पण जोक सोडा. ती गाडी खरंच आमच्यासाठी काढलेली होती.

पावसात स्कूटरवरून भिजत चाललेलं चौघांचं कुटुंब बघून टाटांना ही आयडिया सुचली, ही गोष्ट तेव्हा सगळ्या पेपरांत आली होती. वाचताना वाटलं, अरे, हे तर आपणच! दर गुरुवारी नानांच्या बजाज चेतकवरून आमची वरात बाभळेश्वर, राहाता करत शिर्डीला निघायची. मी पुढे उभा, मध्ये ताई, मागे आई एका बाजूला पाय सोडून आणि तिच्या मांडीवर पिशवी. नगर-मनमाड रोड ज्यांनी उसाच्या सीझनमध्ये पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, मागे लाइट नाही, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. रात्री परत येताना आई डोळे मिटून स्तोत्र म्हणायची. भक्तीपेक्षा भीतीच जास्त असायची त्यात, हे मला फार उशिरा कळलं.

नाना साखर कारखान्यात वजनकाट्यावर क्लार्क होते. २००८ मध्ये रिटायर झाले आणि फंडाचे पैसे पतसंस्थेत ठेवले. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्याकडे लाख रुपये होते, आणि नेमकी तेव्हाच लाखाची गाडी आलेली. टायमिंग बघा!

२३ मार्च २००९ ला गाडी लाँच झाली. ९ ते २५ एप्रिल बुकिंग, फॉर्मची किंमत ३०० रुपये. देशभरातून दोन लाखांवर बुकिंग आलं आणि पहिल्या एक लाख लोकांची नावं चक्क सोडतीने काढली. गाडी कुणाला द्यायची याची लॉटरी! आज कुठल्या कंपनीला असं नशीब मिळालं तर मार्केटिंगवाले ऑफिसात लेझीम खेळतील.

नानांनी नगरहून फॉर्म आणला. त्याआधी ते एकदा शोरूमलाही जाऊन आले होते. काचेचा दरवाजा, चकचकीत फरशी, आत टाय लावलेली पोरं. नानांनी चपला बाहेर काढल्या आणि अनवाणी आत गेले. कुणी काही बोललं नाही, उलट पाणी वगैरे दिलं म्हणे. पण ही गोष्ट आईने मला फोनवर सांगितली तेव्हा माझे कान गरम झाले होते.

मी तेव्हा पुण्यात. हिंजवडीत पहिलाच जॉब, मंदीचे दिवस, प्रोजेक्ट नाही म्हणून बेंचवर. दिवसभर कॅन्टीनमध्ये बसून गाड्यांवर गप्पा मारायच्या एवढंच काम. खिशात बाइकचा हप्ता भरायला पैसे नाहीत आणि चर्चा मात्र टॉर्कची! तिथे नॅनो म्हणजे हक्काचा विनोद होता. "दरवाजे लावलेली रिक्षा," "लिफ्टमधून वर नेता येते..." मीही खदाखदा हसायचो. बरं, ही गाडी आमच्या बेंचपासून हाकेच्या अंतरावर, पिंपरीत, गिरीश वाघ यांच्या टीमने डोकं लावून घडवली होती. इंजिन मागे घालून एवढ्याशा गाडीत चार धडधाकट माणसांची जागा काढणं ही गंमत नाही. पण ते कौतुक करायचं आमचं वय नव्हतं.

आणि अशाच एका दुपारी नानांचा फोन. "फॉर्म आणलाय रे. पिवळा कलर चांगला दिसतो. काय म्हणतो, भरू का?"

समोर चारजण बसलेले. मी उठून बाहेर गेलो आणि म्हटलं, "नाना, घाई नका करू. मी घेतो ना दोन-तीन वर्षांत चांगली गाडी. स्विफ्ट घेऊ आपण."

नाना म्हणाले, "बरं."

एवढंच. 'चांगली' हा शब्द माझ्याच तोंडून गेला होता.

आता नॅनो का चालली नाही, यावर कुठल्याही ऑफिसात रेडिमेड उत्तरं मिळतात. सिंगूरचं आंदोलन झालं, ऑक्टोबर २००८ मध्ये कारखाना गुजरातेत साणंदला हलवला, गाड्या हातात पडायला उशीर झाला. २०१० मध्ये काही नॅनोंना आगी लागल्या, टीव्हीवर जळती गाडी दिवसभर फिरत राहिली. त्या नोव्हेंबरात अख्ख्या देशात ५०९ गाड्या गेल्या, आणि साणंदच्या प्लँटची ताकद होती वर्षाला अडीच लाखांची! पुढे जून २०१८ मध्ये तर महिनाभरात एक गाडी बनली. एक. त्याच वर्षी खेळ संपला.

हे सगळं खरंच. पण आग लागायच्या आधीच आमच्या आळीत निकाल लागला होता. ज्याच्यासाठी गाडी काढली त्या स्कूटरवाल्याला गाडी हवी होती ती कशासाठी? पाऊस लागू नये म्हणून, हे झालं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं म्हणजे सोयरिकीला गेल्यावर पाहुण्यांच्या दारात ती उभी करायची असते. तिथे "केवढ्याला पडली?" हा प्रश्न येतोच. नॅनोच्या बाबतीत तो कुणी विचारणारच नव्हतं, कारण उत्तर सगळ्या देशाला पाठ होतं! आपली गरिबी पेपरात छापून आणल्यासारखं झालं ते. 'सगळ्यात स्वस्त गाडी' म्हणून ती विकली गेली ही चूक झाली, असं पुढे स्वतः रतन टाटांनी बोलून दाखवलं होतं.

आणि लाखाची लाखाची म्हणताना रस्त्यावर येईपर्यंत ती लाखाच्या बरीच वर जायची. साध्या मॉडेलला एसी नाही. तेवढ्यात आमच्याकडे बऱ्या कंडिशनची सेकंडहँड मारुती ८०० मिळायची, आणि ती बिघडली तर लोणीपासून राहुरीपर्यंत कुठलाही मेकॅनिक डोळे झाकून दुरुस्त करायचा.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण हवं असेल तर नगर-पुणे रोडवर रांजणगावला फियाटचा प्लँट लागतो. मी गेली सतरा वर्षं एसटीच्या आणि नंतर गाडीच्या खिडकीतून तो बघतोय. २००९ मध्ये तिथून लिनिया आणि पुंटो आल्या. काय दिसायच्या! आमचं बेंच टोटल फिदा. त्यातलं १.३ लिटरचं डिझेल इंजिन तर एवढं भारी की मारुतीने तेच स्विफ्टमध्ये घातलं. मजा बघा, इंजिन तेच, पण स्विफ्टला महिनोन् महिने वेटिंग आणि पुंटोला गिऱ्हाईक शोधावं लागायचं. कौतुक सगळे करायचे, चेक मात्र मारुतीच्या नावाने फाडायचे. मीही तेच केलं. गाडी घेताना आपण पोस्टरकडे बघतो, पण सही करताना आठवतो तो गावाकडचा मेकॅनिक आणि पाच वर्षांनी येणारा भाव.

तर, स्विफ्ट. दोन-तीन वर्षांत घेतो म्हटलं होतं ती आली २०१३ च्या दसऱ्याला. मधल्या काळात ताईचं लग्न, माझं पुण्यात घर बघणं, नेहमीचंच. नाना-आई चेतकवरच फिरत होते. जुलै २०११ मध्ये रिमझिम पावसात, प्रवरेच्या पुलाच्या अलीकडे रस्त्यावर चिखल होता तिथे स्कूटर घसरली. नानांना खरचटण्यावर निभावलं. आईचं डावं मनगट मोडलं. प्लेट बसवली, पण हात पूर्ण वळत नाही अजून. भाकरी थापते, फक्त ती आता गोल होत नाही. आम्ही कुणीच त्यावर काही बोलत नाही.

मला फोन आला तेव्हा पहिला विचार कसला आला असेल? पिवळ्या कलरचा.

गेल्या दिवाळीतली गोष्ट. आता माझ्याकडे ती फॅशनमधली उंच गाडी आहे, सनरूफवाली. नाना पंचाहत्तरीच्या पुढे, गुडघे गेलेले. त्यांना आत चढवायला मी डिकीत एक प्लॅस्टिकचा स्टूल ठेवतो! हसू नका. भगवतीमातेच्या देवळातून दर्शन घेऊन आलो तर आमच्या शेजारीच एक पिवळी नॅनो उभी. जुनी, रंग उडालेली, पण चालती. मालक राहुरीकडचा कुणी, पन्नाशीचा. नानांनी त्याच्याशी गप्पा सुरू केल्या, अ‍ॅव्हरेज विचारलं आणि मग म्हणाले, "बसून बघू का जरा?"

आणि बसले. स्टूलबिल काही नाही. नुसतं वळून, टेकून, पाय आत. एक सेकंद. मी स्टूल हातात धरून उभा.

मला राहवलं नाही. इतकी वर्षं आत अडकलेलं बोलून टाकलं. "नाना, तेव्हा मी नको म्हणायला नको होतं. घेतली असती तुम्ही."

नाना मागे वळून सीटच्या पाठीमागे हात घालून काहीतरी चाचपत होते. "तू नको म्हटला म्हणून राहिली होय? छ्या! अरे, हिची डिकीच उघडत नव्हती तेव्हा. मागची सीट पाडल्याशिवाय सामान जात नाही. तुला बाजरीचं पोतं कशात पाठवायचं?"

मालकाने मान डोलावली. "उघडती डिकी मागून आली, पंधरा साली. आमची जुनी आहे."

"तेच म्हणतोय मी," नाना म्हणाले.

हे खरं होतं, की देवळाच्या दारात पोराला सोडवायला नानांनी जागच्या जागी शोधलेलं कारण, मला सांगता येणार नाही. वजनकाट्यावर तीस वर्षं काढलेला माणूस आहे, चेहऱ्यावर काही दिसू देत नाही. आई मात्र मागच्या सीटवरून माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "चला आता, ऊन वाढलं." नाना उतरले, नॅनोचा दरवाजा हलक्या हाताने लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आण तो स्टूल."