पांढरी खिडकी

मेलकावेरीत आमचे बिऱ्हाड एका खोलीचे. मूल निजले, की मी लिनक्सचा संगणक काळ्या थीमवर लावून बसे; परंतु बाहेरून आणलेल्या हिशेबाच्या प्रोग्रामची खिडकी पांढरीशुभ्र उघडे आणि मूल दचकून उठे. बदलीच्या गावी संसार केलेल्यांस अधिक सांगणे न लगे! डेस्कटॉप जीटीके घराण्याचा, प्रोग्राम क्यूटीचा. दोघांची रंगांची दप्तरे वेगळी. ‘क्यूटी६सीटी’ बसवून लॉगिनच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या फाइलीत त्याची एक ओळ घातली, तेव्हा कुठे तो वळला. फ्लॅटपॅकच्या बंद पेटीतून आलेल्या टिपणवहीस मात्र घरची थीम दिसतच नव्हती. तीच थीम तिच्यासाठी निराळी आणावी लागली. आता मूल सलग झोपते. बटणांची ठेवण अद्याप परकीच आहे. ती मी तशीच राहू दिली.