रद्दीचे पैसे आणि निळी जीभ

तुमचे सरही कधीकधी फसतात बरं का! माझीच गोष्ट सांगतो.

२०२३ साली आमच्या नागपूरच्या शाळेत चौथीच्या पोरांनी घरोघरची रद्दी गोळा करून विकली. चोवीसशे रुपये जमले! वर्गातला जुना कॉम्प्युटर फार रेंगाळायचा, म्हणून हे पैसे त्याच्यासाठीच ठरले होते. मी मोठ्या ऐटीत बर्डीवर गेलो आणि नऊशे रुपयांचा ‘फास्ट’ पेन ड्राइव्ह घेऊन आलो. घरून धड्यांचे व्हिडिओ आणायचे तर कॉपी व्हायला वेळ लागतो, एवढंच माझ्या डोक्यात.

पोरं घड्याळ घेऊन बसली. तीन जीबीच्या फाइलला आधी दोन मिनिटं लागायची, आता लागली एक मिनिट पस्तीस सेकंद. नऊशे रुपयांत पंचवीस सेकंद! तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “सर, पण कॉम्प्युटर चालू व्हालेच तं चार मिनिटं लागते न!”

मी गप्प. तासिका पस्तीस मिनिटांची, आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

झालं होतं काय, सांगू? पेन ड्राइव्ह होता यूएसबी ३ चा. त्याच्या तोंडात बहुधा निळी जीभ असते आणि पिना नऊ. आमच्या कॉम्प्युटरची खाच यूएसबी २ ची, म्हणजे पिना चारच. तिचा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून भागा आठने : ६० मेगाबाइट. प्रत्यक्षात मिळतात जेमतेम तीस-चाळीस. बोळ अरुंद असेल तर मोटार कितीही भारी आणा, काय उपयोग? आणि पाकिटावर छापलेला मोठा आकडा बहुधा वाचण्याच्या वेगाचा असतो. लिहिण्याचा वेग त्याहून बराच कमी असू शकतो.

माझ्या मेहुण्याचं लग्नाचे व्हिडिओ काढायचं काम आहे. रोज पन्नास-साठ जीबी इकडून तिकडे. त्याचे दोन्ही कॉम्प्युटर नवे, त्याला असा पेन ड्राइव्ह हवाच. आम्हाला मात्र हवी होती एसएसडी.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी गरगर फिरते आणि एक काटा माहिती शोधत इकडून तिकडे पळतो. सुरू होताना हजारो छोट्या फाइली लागतात, तिथेच ती चार मिनिटं जायची. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, नुसत्या चिपा. जुन्या डिस्कच्याच वायरीला ती लागते.

चूक माझी, म्हणून नऊशे रुपये मी गुल्लकीत परत टाकले. पोरं “राहू द्या सर” म्हणाली, पण हिशेब म्हणजे हिशेब. सतराशेची एसएसडी आली. पुन्हा घड्याळ लावलं : अडतीस सेकंद! वर्गात एवढा गलका झाला की शेजारच्या मॅडम पाहायला आल्या.

सातशे उरले. आता रॅम वाढवायची म्हणून माझ्या टेबलाखाली पुन्हा रद्दी साचू लागली. या वेळी बर्डीवर जाताना ती मुलगी यादी लिहून देणार होती.