काका, चालत नाहीये

संध्याकाळी अभ्यासिकेत येणाऱ्या पोरांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “काका, चालत नाहीये.” काय चालत नाहीये, कधीपासून, कुठलं बटण दाबल्यावर, यातलं काहीही त्या वाक्यात नसतं. आपण विचारलं की थोडी भर पडते. “एरर येतोय.” कसला एरर? “बघितला नाही, ओके केलं मी.”

आमची अभ्यासिका म्हणजे चिंचपोकळी स्टेशनजवळच्या एका चाळीच्या तळमजल्यावरची खोली. गणपती जवळ आले की तीच खोली मंडळाचं कार्यालय होते. इथल्या चिंतामणीचं मंडळ १९२० सालचं. आमचं त्यामानाने कालपरवाचं आणि गल्लीपुरतं. पण वर्गणी गल्लीपुरती असली तरी पावत्या फाडाव्या लागतात, हिशेब द्यावा लागतो, आणि पोरांपैकी कुणीतरी दरवर्षी ठरवतं की यंदा पावत्यांचा प्रोग्राम करायचा. कॉलेजच्या प्रोजेक्टला बहुतेकांनी ‘लायब्ररी मॅनेजमेंट’ केलेलं असतं. त्या लायब्ररीतून खरं पुस्तक कधी कुणी नेत नाही, त्यामुळे तो प्रोग्राम कधी बिघडतही नाही. पावत्यांच्या प्रोग्रामसमोर मात्र खरे खजिनदार बसतात. चष्मा कपाळावर, हातात वर्गणीदारांची वही, आणि दोन बोटांनी टायपिंग. नवशिक्या प्रोग्रामरला इतका चांगला परीक्षक विद्यापीठ देऊ शकणार नाही.

तर ते ओके. एररचा संदेश दाखवणारी चौकट उघडली रे उघडली की आमची पोरं ती बंद करतात. हा मला आळस वाटत नाही. ती चौकट इंग्रजीत असते, एकदम अंगावर येते, तिच्यासोबत ‘टण्‌’ असा आवाज होतो आणि लाल फुलीही असते. मराठी शाळेतून आलेल्या पोराला तो ओरडा वाटतो. ओरडा कुणी शब्दन्‌शब्द ऐकत बसत नाही, तो लवकर संपावा एवढंच बघतो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे या भागातल्या घराघरांतून गिरणीचा पगार गेला. आमच्या पिढीतली पोरं नव्वदीत कॉम्प्युटर क्लासच्या पायऱ्या चढली ती त्यामुळेच. क्लासवाल्यांनी कुठे दाबायचं ते शिकवलं. समोर आलेलं वाचायचं कसं, याचा तास कधी झाला नाही.

वाचण्याचा तास खरं तर घरातच होता. वडील गिरणीच्या साचे खात्यात, म्हणजे मागांवर, होते. साचा थांबला की तो लगेच पुन्हा चालू करायचा नाही, आधी थांबला कुठे ते बघायचं : ताण्याचा धागा तुटला, बाण्याचा तुटला, की धोटाच अडकला? न बघता चालू केला तर खोट कापडात उतरते, आणि मग जॉबरची, म्हणजे मुकादमाची, बोलणी. थांबलेला साचा त्यांना काहीतरी सांगत असायचा. थांबलेला प्रोग्रामही सांगत असतो, आणि तो तर चक्क लेखी सांगतो.

आता एक प्रसंग जरा जवळून सांगतो. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीने सी-शार्पमध्ये पावतीचा फॉर्म केला होता. नाव, खोली नंबर, रक्कम, ‘जतन करा’. तिच्या लॅपटॉपवर उत्तम चालायचा. खजिनदारांनी रक्कम टाकली की कोसळायचा. मी तिला म्हटलं, ओके करू नकोस, वाच. तिने वाचलं, “इनपुट स्ट्रिंग वॉज नॉट इन अ करेक्ट फॉरमॅट.” म्हणजे काय गं? “म्हणजे… जे टाकलंय ते आकड्यासारखं नाहीये.” मग खजिनदारांनी काय टाकलं? ती स्क्रीनकडे बघून म्हणाली, “पाचशे एक. आकडाच आहे की.”

आकडाच होता, पण देवनागरी. नाव मराठीत टाइप केल्यावर कळफलक मराठीतच राहिला होता आणि रकमेच्या चौकटीत ५०१ देवनागरीत पडलं होतं. गंमत अशी की तिने तपासणी केली होती. प्रत्येक अक्षर अंक आहे का, हे ती डॉटनेटच्या ‘इज-डिजिट’ला विचारत होती, आणि ते ‘हो’ म्हणत होतं. युनिकोडच्या हिशेबाने ५ हा अंकच आहे, जगातल्या इतर लिप्यांतल्या अंकांइतकाच. पण त्या अक्षरांची संख्या करणारं ‘पार्स’ फक्त इंग्रजी शून्य ते नऊ ओळखतं. दारावरच्याने आत सोडलं आणि आतल्याने हाकललं. पायथॉनमध्ये हाच मजकूर दिला तर तो मुकाट्याने पाचशे एक करून देतो. हे समजल्यावर तिने दहा अंकांची अदलाबदल करणारं छोटं फंक्शन स्वतःच लिहिलं. मी खुर्चीत नुसता बसून होतो. हा घोटाळा इंग्रजी पुस्तकातल्या ‘नवशिक्यांच्या नेहमीच्या चुकां’मध्ये सापडणार नाही. तो आपल्याकडेच होणार, कारण खजिनदार आपल्याकडेच मराठीत टाइप करतात.

मराठीचे बाकीचे हाल त्यामानाने जुने आणि माहितीतले. व्हिज्युअल बेसिक सहा हे १९९८ चं. आजही कुठल्याकुठल्या कचेरीत त्यातले प्रोग्राम तग धरून आहेत, आणि एखादं पोर मामाकडून त्याची सीडी पैदा करून आणतं. त्याच्या पोटात मजकूर युनिकोडमध्येच असतो, पण पडद्यावरचे त्याचे डबे तो जुन्या सांकेतिक पद्धतीने दाखवतात, त्यामुळे वर्गणीदाराच्या नावाजागी प्रश्नचिन्हांची रांग येते. डीटीपीवाल्याकडून आलेली जुनी यादी वेगळंच दुखणं. त्या फॉन्टमध्ये देवनागरी ही नुसती चेहरेपट्टी, आत सगळी रोमन अक्षरं, फॉन्ट काढला की कचरा. तिसरा प्रकार एक्सेलमध्ये यादी उघडल्यावरचा : डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, मग चार पायांचं एक वर्तुळ, मग पुन्हा तेच. असा ए ओळीने दिसला की समजावं, माहिती शाबूत आहे, यूटीएफ-आठमध्ये लिहिली आहे, फक्त एक्सेलला ते कुणी सांगितलेलं नाही. फाइलच्या सुरुवातीला ओळखखूण घालून जतन केली की काम झालं. पोरं मात्र घाबरून अख्खी यादी पुन्हा टाइप करायला बसतात. तिन्हींना ती एकच नाव देतात, “मराठी येत नाहीये.” प्रश्नचिन्हं येतात, कचरा येतो की तो तिरक्या रेघेचा ए, एवढं सांगितलं असतं तर अर्धं निदान तिथेच झालं असतं.

तारखेचा किस्सा तर मला फार आवडतो. खजिनदार रोज रात्री ‘आजची जमा’ काढायचे आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती शून्य यायची. पावत्या छापलेल्या, पैसे डब्यात, जमा शून्य. पोरगा रडकुंडीला आला होता. मी त्याला प्रोग्राम उघडूच दिला नाही. कागद घे, म्हटलं, आणि प्रत्येक तारखेची जमा काढून बरोबर-चूक लिही. आठ तारीख बरोबर निघाली. नऊला पुन्हा शून्य. महिना पुढे सरकला तशी तेरा बरोबर, चौदा बरोबर. कागदाकडे बघता बघता तो म्हणाला, “बारापर्यंतच चुकतंय, काका. आणि आठ ऑगस्टला दिवस-महिना सारखाच आहे.” पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. अ‍ॅक्सेसच्या प्रश्नवाक्यात दोन जाळीच्या चिन्हांमध्ये तारीख लिहिली की तो ती अमेरिकन पद्धतीने, महिना आधी धरून वाचतो, तुमच्या विंडोजची मांडणी काहीही असो. ९ ऑगस्टची झाली ८ सप्टेंबर. तेरावा महिना नसतो, म्हणून तेरा तारखेपासून तो नाइलाजाने आपल्यासारखं वाचतो. अशी अर्धवट शहाणी वागणूक सरसकट चुकीपेक्षा वाईट.

त्याच पोराचा दुसरा बिघाड भायखळ्याच्या बाजूच्या एका वर्गणीदाराने दाखवून दिला. आडनाव डिसूझा, रोमनमध्ये लिहिताना डीच्या पुढे वर लोंबणारं एकेरी चिन्ह. प्रश्नवाक्यात मजकूर एकेरी चिन्हांतच बंदिस्त करतात, त्यामुळे आडनाव डीपाशीच संपलं आणि उरलेलं सूझा डेटाबेसला हुकूम वाटलं. चिन्ह गाळून टाका, असा तोडगा मंडळातल्या एकाने सुचवला. वर्गणी देणाऱ्याचं नाव आपल्या सोयीने बदलायचं? दोन्ही दुखण्यांवर औषध एकच, वाक्य तुकडे जोडून बनवायचं नाही, नाव आणि तारीख पॅरामीटर म्हणून वेगळी द्यायची. हे पहिल्याच धड्यात असायला हवं, आणि बहुतेक क्लासांत ते शेवटच्या धड्यातही नसतं.

विंडो पांढरी पडते, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लागतं, हा सगळ्यांचा आवडता घोळ. ‘सगळ्या पावत्या छाप’ या बटणाच्या आतच छपाईचा सगळा फेरा लिहिलेला असतो. विंडो चालवणारा आणि छापणारा धागा (थ्रेड) एकच, तो छपाईत गुंतला की पडद्याकडे बघायला कुणी उरत नाही. पाच सेकंद विंडोने कशालाही दाद दिली नाही की विंडोज ती मेल्यात जमा धरतं. खजिनदार तोवर आणखी दोन-तीनदा बटण दाबून मोकळे झालेले असतात. ते दाबणं वाया जात नाही, रांगेत उभं राहतं, आणि पहिली छपाई संपली की सगळ्या पावत्या पुन्हा छापायला लागतात. यावर जुन्या व्हीबीवाल्यांचा रामबाण ‘डू-इव्हेंट्स’. मध्येमध्ये तो पेरला की पडदा हलतो, आणि पहिलं काम अर्ध्यात असतानाच दुसरं क्लिकही आत शिरतं. मला तो अजिबात पसंत नाही. काम पार्श्वभूमीच्या धाग्यावर द्यावं. मग लगेच नवा संदेश येतो की ज्या धाग्याने ही चौकट बनवली त्यानेच तिला हात लावावा. तो पोरांना आगाऊपणा वाटतो, पण तो नियम सरळ आहे. २०१२ पासून सी-शार्पमध्ये ‘असिंक-अवेट’ आहे, त्याने हे बरंच सोपं झालंय.

‘ऑब्जेक्ट रेफरन्स नॉट सेट’ याबद्दल फार लिहीत नाही. ज्याला हात लावताय ते अजून अस्तित्वातच नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि ओळ क्रमांक खाली दिलेला असतो. १९६५ मध्ये हा रिकामा निर्देश भाषेत घालणाऱ्या टोनी होअर यांनी पुढे २००९ मध्ये स्वतःच त्याला अब्ज डॉलरची चूक म्हटलं, हे ऐकून पोरांना बरं वाटतं.

माफ करवत नाही ती एकच गोष्ट, रिकामा ‘कॅच’. एरर येतो ना, मग तो पकडायचा आणि काहीच करायचं नाही. चौकट येत नाही, ओरडा नाही, सगळे खूश. आणि रात्री पावती छापलेली आहे पण नोंद कुठेच नाही. वर्गणीच्या पैशात असं झालं तर लोक प्रोग्रामला नाही, पोराला चोर ठरवतात. गल्लीत तोंड दाखवायची पंचाईत होते.

‘माझ्या मशीनवर तर चालतं’ हेही रोजचंच. डेटाबेसचा पत्ता स्वतःच्या डेस्कटॉपचा लिहिलेला, किंवा फाइल ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये ठेवलेली, जिथे साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही, किंवा मंडळाच्या जुन्या खोक्यात हवं ते डॉटनेटच नाही. उपाय सांगून पाठ होत नाहीत. दुसऱ्याच्या मशीनवर स्वतः जाऊन बसलं, की होतात.

आता पोरं संदेश सरळ एआयला चिकटवतात. माझी हरकत नाही. निदान चिकटवण्यासाठी तरी तो उघडा ठेवावा लागतो. फक्त खजिनदारांनी कुठल्या लिपीत पाचशे एक लिहिले, हे एआयला कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते ज्याने पाहिलंय त्यालाच सांगता येतं.

माझी विनंती पोरांना नाही, त्यांच्या शेजारी बसणाऱ्या आपल्यासारख्या काका-मावश्यांना आणि सरांना आहे. घाई असली तरी कीबोर्ड त्यांच्या हातातून ओढून घेऊ नका. चौकट उघडी ठेवायला सांगा, मोठ्याने वाचायला सांगा, इंग्रजी शब्द अडला तर अर्थ तेवढा सांगा, आणि मग गप्प बसा. कितीही जड गेलं तरी.