गुरुवारचं अप्पूघर

तळेगाव दाभाडेत वाढलेल्या आमच्या बॅचमधल्या कुणालाही विचारा, लहानपणीची सर्वांत धमाल जागा कुठली? उत्तर एकच, अप्पूघर! मुंबईच्या मुलांकडे एस्सेलवर्ल्ड होतं, आमच्याकडे निगडीचं अप्पूघर. लोकलने घोरावाडी, बेगडेवाडी, देहूरोड आणि मग आकुर्डी. तिथून रिक्षा केली, की दुर्गा टेकडीच्या बाजूला आमचं डिस्नेलॅण्ड हजर!

हल्लीच्या मुलांना हा अप्पू कोण, इथपासून सांगावं लागतं. १९८२च्या दिल्ली एशियाडचा तो शुभंकर, म्हणजे हत्तीचं गोजिरवाणं पिल्लू. स्पर्धा संपल्या, पण नाव लोकांच्या तोंडी राहिलं. १९८४च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या प्रगती मैदानात अप्पूघर सुरू झालं आणि पुढे ते नाव आमच्या निगडीपर्यंत येऊन पोहोचलं. एशियाडमध्ये अप्पू म्हणून मिरवलेल्या खऱ्याखुऱ्या हत्तीचं नाव होतं कुट्टीनारायणन. तो २००५ मध्ये केरळात गेला. दिल्लीचं अप्पूघर २००८ मध्ये बंद झालं. १९८९ पासून गोराईला धमाल करणारं एस्सेलवर्ल्डही २०२२ मध्ये बंद झालं. आपल्या लहानपणीच्या जागा अशा एकेक करून अल्बममध्ये राहायला जाताहेत.

परवा घरातले सगळे जुने फोटो स्कॅन करायचं ठरलं. कपाटावरची बॅग खाली आली, फोटो स्टुडिओने रोल धुतल्यावर फुकट दिलेले प्लॅस्टिकचे अल्बम बाहेर पडले आणि मी, दादा, आई-बाबा असे चौघं सतरंजीवर बसलो. अप्पूघरचे एकूण सतरा फोटो निघाले. आणि गंमत बघा, त्या सतरांपैकी एकाही फोटोत चालू पाळणा नाही!

आहे काय? तर गेटसमोर ताठ उभे राहिलेले आम्ही. माझा दिवाळीचा फ्रॉक, दादाची टोपी, आईच्या हातात डब्याची पिशवी, माझ्या गळ्यात पाण्याची बाटली. थांबलेल्या जहाजासमोर आम्ही. थांबलेल्या डॅशिंग कारमध्ये आम्ही. सगळ्यांचे चेहरे पासपोर्ट फोटोला बसल्यासारखे. ज्या क्षणी पाळणा सुरू झाला, पोटात गोळा आला आणि आम्ही जिवाच्या आकांताने किंचाळलो, तो क्षण कुठेच नाही.

कारण साधं होतं. रोल छत्तीस फोटोंचा. त्यातच दादाची मुंज, त्यातच आत्याचं डोहाळजेवण आणि त्यातच अप्पूघर. रोल विकत घ्या, धुवायचे पैसे द्या, वर प्रत्येक प्रिंटचे वेगळे. हलणाऱ्या गोष्टीचा फोटो साध्या कॅमेऱ्यावर धूसर यायचा, म्हणजे पैसे पाण्यात. त्यामुळे कॅमेरा धरलेल्या माणसाचा एकच मंत्र असायचा, 'हलू नका रे!'

तो माणूस म्हणजे अर्थातच बाबा. म्हणूनच ते या फोटोंत नाहीत. अपवाद एकच, पण त्याबद्दल पुढे.

फोटोंच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने नारंगी रंगात तारीख छापलेली आहे. २२ मे २००३. १३ मे २००४. १० नोव्हेंबर २००५. दादाला असल्या गोष्टींचा भारी नाद. त्याने सहज मोबाइलवर कॅलेंडर उघडून वार बघितले. गुरुवार, गुरुवार आणि गुरुवार! आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. दत्ताची एवढी भक्ती आमच्या घरात कधी नव्हती.

"मग दुसरा कुठला वार असणार?" बाबा म्हणाले. "कंपनीला सुट्टी गुरुवारची."

पिंपरी-चिंचवड-भोसरीच्या पट्ट्यात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. सगळ्या कारखान्यांची यंत्रं एकाच दिवशी चालू आणि एकाच दिवशी बंद राहिली तर विजेचं गणित कोलमडतं. म्हणून औद्योगिक भागांना सुट्टीचे वार वाटून दिलेले असतात आणि आमच्या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. त्यामुळे आमच्याकडे रविवारी शाळेला सुट्टी आणि बाबा कामावर, तर गुरुवारी बाबा घरी आणि आम्ही शाळेत. चौघं एका दिवशी मोकळे सापडायचे ते फक्त मे महिन्यात आणि दिवाळीत. फोटो पुन्हा नीट बघितले तर मागच्या गर्दीतही तेच दिसतं. कंपनीने दिवाळीला दिलेल्या बॅगा, कंपनीच्या टोप्या. सगळी आमच्यासारखीच गुरुवारची माणसं.

आता तो अपवाद. २००४ सालचा फोटो. आईने काढलेला, थोडा तिरका. बाबा बाकावर बसलेत, मांडीवर आमच्या चपला आणि डोळे मिटलेले. आमच्या घरी या फोटोला 'बाबांचा खराब फोटो' म्हणतात. पाहुण्यांना अल्बम दाखवताना आई हे पान भर्रकन उलटते.

"डोळे मिटले नव्हते ते," आई या वेळी म्हणाली. "झोपले होते. रात्रपाळी करून आले होते ना. सकाळी साडेसातला घरात, आंघोळ केली आणि दहाच्या लोकलला आपण निघालो."

"लागली असेल झोप," बाबा म्हणाले. "बाकावर सावली चांगली होती."

"घोरत होतात!"

म्हणजे आम्ही जहाजात बसून किंचाळत होतो तेव्हा हा माणूस रात्रभर मशीनपाशी उभा राहून आलेला होता. आठ तासांची रात्रपाळी, चहा, लोकल, दोन मुलं आणि वर फोटोग्राफरची ड्यूटी. आपण ऑफिसात 'वर्क-लाइफ बॅलन्स'वर तासतासभर बोलतो. बाबांनी हा शब्द उभ्या नोकरीत ऐकला नसेल. त्यांचा बॅलन्स त्या बाकावर बसून झोपला होता, मांडीवर चपला सांभाळत!

२०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालं. नंतर मित्रमैत्रिणींबरोबर मीही गेले. हातात मोबाइल, एका दिवसात शेकडो फोटो आणि परतीच्या गाडीतच निम्मे डिलीट. हिचे डोळे मिटलेत, उडवा. तो तिरका आलाय, उडवा. उरले ते सगळे छान, सगळे हसरे, सगळे एकसारखे. २००४ मध्ये आईच्या हातात मोबाइल असता, तर बाकावरचे बाबा लोकल आकुर्डीहून सुटायच्या आत उडाले असते. रोलच्या जमान्यात ती सोयच नव्हती. पैसे भरलेत ना, मग खराब फोटोसुद्धा अल्बममध्ये जपून लागायचा. बरं झालं.

तो फोटो मी सर्वांत मोठ्या साइजमध्ये स्कॅन केलाय. आईला दाखवला तर म्हणाली, "अगं, यातच दिसतात ते आपले वाटतात."

आता चौघांनी पुन्हा कुठेतरी जायचं, असं त्याच सतरंजीवर ठरलं. माझ्या डेडलाइन, दादाची सुट्टी, शनिवार की रविवार, अशी जुळवाजुळव सुरू झाली. बाबा बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "गुरुवारी जमतंय का बघा ना. मला सुट्टी असते."

त्यांना रिटायर होऊन तीन वर्षं झालीत.