निफाडची थंडी आणि अंगणातला राखणदार

डिसेंबर उजाडला की वर्तमानपत्रांत निफाडचे नाव झळकू लागते. नाशिकच्या पूर्वेकडील या तालुक्यात, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात किमान तापमानाची नोंद होते आणि थंडीच्या तीव्र लाटेत तो आकडा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. नांदूरमधमेश्वरच्या जलाशयावर पक्षी पाहण्यासाठी भल्या पहाटे जाणाऱ्यांना ही थंडी हवीहवीशी वाटते. परंतु वाचकहो, तुम्ही तिकडे गेलात तर परतताना मुख्य रस्ता सोडून एखाद्या मळ्यातल्या वस्तीवरही जा. थंडी शरीरातील ऊब नेमकी कोणत्या वाटांनी हिरावून नेते, हे तेथे डोळ्यांनी पाहता येते.

द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या धुमसत असतात. अतिथंडीने घडांतील मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी रात्र जागवतो. बागेची एवढी काळजी घेणाऱ्या त्याच वस्तीच्या अंगणात राखणीचा कुत्रा मात्र उघड्यावर, शेपटीत नाक खुपसून पडलेला दिसतो. ‘गावठी कुत्र्याला कसली थंडी?’ असे आपण सहज म्हणतो. कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्यापेक्षा थोडे अधिक असते. ते टिकवण्यासाठी त्याला रात्रभर शक्ती खर्चावी लागते. आखूड केसांची, अशक्त, म्हातारी कुत्री आणि लहान पिल्ले या झुंजीत लवकर हरतात.

ऊब नेणाऱ्या वाटा तीन : जमीन, ओल आणि वारा. त्या अडवल्या, तर कुत्र्याचे स्वतःचे शरीरच त्याला उबदार ठेवते. वस्तीवर सारे साहित्य हाताशी असते. द्राक्षाचे क्रेट उपडे मांडून त्यांवर फळी टाकली की शेज जमिनीपासून वर येते. फळीवर गोणपाट घालण्याचा मोह होतो. परंतु गोणपाट वा जुनी गोधडी दवाने भिजते आणि ओली झाली की ऊब देण्याऐवजी घेते. त्यापेक्षा वाळलेले गवत किंवा इगतपुरीकडचा भाताचा पेंढा जाडसर पसरावा. कुत्रा त्यात खळगा करून निजतो. ओलसर झालेला पेंढा मात्र वेळच्या वेळी बदलावा.

राहिला वारा. पुष्कळ कुत्री रिकाम्या कांदाचाळीचा आसरा घेतात. चाळीची रचनाच वारा खेळता राहावा अशी असते. कांदा त्यामुळे टिकतो, कुत्रा मात्र गारठतो. त्याचे खोपटे तीन बाजूंनी बंद असावे आणि तोंड उत्तरेकडे नसावे. आकारही बेताचा, म्हणजे कुत्र्याला उभे राहून वळता येईल एवढाच असावा. मोठे खोपटे त्याच्या अंगच्या उबेने तापत नाही. रात्रीच्या जेवणात थोडी वाढ करावी आणि प्यायला कोमट पाणी ठेवावे.

शेकोटीबाबत सावध राहा. विझत आलेल्या राखेत कुत्री निजतात आणि आत दडलेल्या निखाऱ्यांनी भाजतात. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या आजोबांच्या बधिर तळपायांनाही चटका कळत नाही; त्यांनी शेकोटीपासून पाय दूरच ठेवावेत. दार-खिडक्या लावून खोलीत शेगडी पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. झोपलेला माणूस आणि त्याच्या पायाशी निजलेला कुत्रा, दोघांनाही तो कळत नाही.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. थंडीत म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे आखडले की घरातील ज्येष्ठ मंडळी मायेने आपल्याच डब्यातील वेदनाशामक गोळी त्याला देतात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला गंभीर इजा होऊ शकते. औषध पशुवैद्यालाच विचारावे.

कुत्रा कुडकुडत असेल, तर त्याचे शरीर अजून लढत आहे. कुडकुडणे थांबून तो सुस्त पडला, हाकेला उठेना, तर ते सुधारणेचे लक्षण समजू नका. त्याला आडोशाला न्या, अंग कोरडे करा, कोरड्या पांघरुणात गुंडाळा आणि पशुवैद्याला बोलवा. वृद्ध माणसात तर कुडकुडणे मुळातच कमी असते. ‘मला नाही वाजत थंडी’ असे म्हणणाऱ्या आजीचे पोट हाताला गार लागत असेल, ती असंबद्ध बोलत असेल किंवा पेंगत असेल, तर उशीर न करता तिला रुग्णालयात न्यावे.

कुत्र्याची व्यवस्था दिवेलागणीलाच पूर्ण करावी. त्याच्या कण्हण्याने जाग येऊन पहाटे चारला अंथरुणातून थेट अंगणात जाणे ज्येष्ठांना धोक्याचे आहे. थंडीने रक्तदाब चढतो, अंधारात पायही घसरतो. उठावेच लागले, तर क्षणभर काठावर बसावे, कानटोपी आणि चपला घालाव्यात, दिवा लावावा, मगच बाहेर पडावे.

आज निजण्यापूर्वी आपल्या राखणदाराच्या शेजेवर मिनिटभर तळहात टेकून पाहा. गारवा, ओल किंवा वाऱ्याची झुळूक हाताला लागली, तर कोणती वाट अडवायची ते कळेल. मग तोच हात धुऊन घरातील वडीलधाऱ्यांच्या अंथरुणाखालीही घालून पाहा.