बुडापासून भरलेलं कुंपण

साताऱ्यात आम्ही घर बांधलं ते रस्त्याला लागून. समोरच बसथांबा, आणि पुढची भिंत जेमतेम ३ फुटांची. सासूबाईंना दुपारी व्हरांड्यात पाय पसरून भाजी निवडायची सवय. पण बसची वाट पाहणाऱ्यांची तोंडं नेमकी आमच्याकडे. हळूहळू त्या आतच बसू लागल्या. भिंतीवर पत्रे ठोकले तर वारा अडणार, हिरवी जाळी लावली तर ती उन्हानं विरणार. तेव्हा बारमाही हिरव्या झुडपांचं कुंपण करायचं ठरलं.

कशाचं, यावर घरात बरीच चर्चा झाली. मेंदी सगळ्यांच्या ओळखीची, पण पाण्याची ओढ बसली की ती पानं गाळते. ड्युरांटाची पिवळी फळं विषारी, आणि घरात लहान मूल. कुंती मला मनापासून आवडते. ती कढीपत्त्याच्या आणि लिंबाच्या कुळातली. लिंबावर येणारी सिला कीड तिच्या कोवळ्या फुटीवरही पोसते, आणि कुंपण कापत राहिलं की कोवळी फूट सततच असते. शेजाऱ्यांचं कागदी लिंबू भिंतीला टेकून उभं, म्हणून कुंती मागे पडली. राहिली कोयनेल. ही मूळची समुद्रकाठची, खाडीच्या कडेला वाढणारी. पान जाडसर आणि तकतकीत, त्यामुळे ऊन सोसते. चवीला इतकी कडू की शेळ्या तोंड लावत नाहीत. आमच्या रस्त्यानं रोज शेळ्या जातात, त्यामुळे ही गोष्ट मोलाची.

रोपं विकत आणावी लागली नाहीत. ओळखीतल्या एका घरी जुनं कोयनेलचं कुंपण होतं. त्याच्या छाटणीतून काड्या मिळाल्या. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांब, तीन-चार डोळे असलेल्या. कोवळा शेंडा कुजतो म्हणून तो टाकून द्यायचा. बुडाकडचा काप तिरका घ्यायचा, म्हणजे काडी उलटी लागत नाही. भिंतीपासून २ फूट सोडून दीड फूट खोल चर काढला. मागच्या बाजूनं कापायला माणूस शिरला पाहिजे, म्हणून ते अंतर. चरात शेणखत, गाळाची माती आणि वाळवीसाठी थोडी निंबोळी पेंड घातली. काड्या दोन ओळींत लावल्या, फूटभर अंतरानं, पुढच्या ओळीतल्या दोन काड्यांच्या मध्ये मागची एक येईल अशा.

ते साल २०१९. पाऊस जून सरता सरता लागला आणि मग थांबायचं नाव घेईना. सांगली-कोल्हापूरला महापूर आला तोच हा पावसाळा. आमच्या चरातही पाणी साचलं. फाटकाजवळच्या काड्या काळ्या पडल्या. पाऊस ओसरल्यावर कडेनं पाण्याला वाट काढून दिली आणि नांग्या भरल्या. त्यासाठी काही काड्या आधीच पिशव्यांत लावून ठेवल्या होत्या. कुंपणात एक जागा रिकामी राहिली की शेजारची झाडं तिकडे झुकतात आणि पुढे ते भगदाड भरून काढणं अवघड जातं.

दिवाळीच्या सुमारास झुडपं गुडघ्याला लागली. बागेच्या कामाला येणाऱ्या माळीमामांनी कात्री घेतली आणि सगळी रांग निम्म्यावर आणली. सासूबाई व्हरांड्यातून म्हणाल्या, “अगं, वाढवायला लावलंत की कापायला?”

मामा हात न थांबवता म्हणाले, “वहिनी, बुड भरल्याबिगर वर जाऊ द्यायचं न्हाई. नुसती उंच केली तर खालनं कुत्रं जाईल.”

मामांच्या त्या एका वाक्यात कुंपणाची सगळी विद्या आहे. झाडाच्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा मारला की तो दाब जातो, खालचे डोळे जागे होतात आणि एका फांदीच्या दोन-तीन होतात. त्या पुन्हा खुडल्या की आणखी. आडोसा मिळतो तो या फुटव्यांच्या गर्दीनं. आम्हीही दर खेपेला नव्या वाढीतली निम्मी कापून टाकायचो. सासूबाईंना ते शेवटपर्यंत पटलं नाही, पण दुसरा पावसाळा संपता संपता कुंपण छातीला लागलं आणि खालून मांजरसुद्धा शिरेना.

आकाराचंही तसंच. बुडाशी अडीच फूट, वर दीड फूट, असा उतार ठेवायचा. वरचा भाग रुंद झाला की खाली सावली पडते, खालची पानं गळतात आणि नुसत्या काटक्या दिसू लागतात. दोन बांबूंना दोरी ताणून मगच कात्री चालवायची; नजरेच्या अंदाजानं कापलं की कुंपणाला लाटा येतात. उंची आम्ही साडेपाच फुटांवर थांबवली. रस्त्यावरच्या माणसाची नजर अडते आणि मला स्टुलावर न चढता कापता येतं. हात पोचणार नाही इतकं उंच कुंपण ठेवू नये, हे माझं स्वतःचं मत.

पावसाळ्यात दर तीन आठवड्यांनी कात्री, थंडीत क्वचित. एप्रिल-मे महिन्यांत मी मोठी छाटणी करत नाही, कारण सावलीत वाढलेली आतली पानं एकदम उघडी पडून करपतात. उन्हाळ्यात बुडाशी उसाचं पाचट अंथरते. आमच्या भागात ते मुबलक. कात्रीला धार नसेल तर पानं चुरडतात आणि कडा तपकिरी पडतात, म्हणून धारवाल्याची हाक ऐकू आली की मी आधी कात्री शोधते. कापण्यापूर्वी फांद्या बाजूला सारून बुलबुलाचं घरटं आहे का बघायचं. असलं तर तेवढा तुकडा पिल्लं उडेपर्यंत तसाच. कापलेल्या जून फांद्या ओल्या मातीत पडू दिल्या तर तिथंच मुळं धरतात, म्हणून त्या लगेच उचलायच्या.

शेजाऱ्यांच्या आंब्याच्या सावलीत येणारा तुकडा मात्र विरळच राहिला. कोयनेलला ऊन हवं. तिथं अखेर अडुळसा लावला. तोही बारमाही, तोही कडू, आणि सावली चालवून घेणारा.

कुंपणानं काय होत नाही, तेही सांगते. बसचा हॉर्न अडत नाही. धूळ बरीच अडते, आणि मग ती पानांवर साचते. महिन्यातून एकदा पाइपनं धुवावी लागते. सतत कापल्यामुळे कोयनेलची लांब तुऱ्यांची पांढरी फुलं फारशी दिसत नाहीत.

सासूबाई मात्र पुन्हा व्हरांड्यात बसू लागल्या. कुंपणाशी खुर्ची ओढली की पानांच्या फटींतून बाहेरचं सगळं दिसतं. थांब्यावरच्या माणसाला आतलं काही दिसत नाही. कोण कुठल्या गाडीनं आलं, हे घरात सगळ्यात आधी त्यांना कळतं.

आता कुंपण आतून लाकडी झालंय, ते नव्यानं फोडायला हवं. दोन्ही बाजू एकदम खोल कापल्या तर घर महिनोन्‌महिने उघडं पडेल, म्हणून या जूनमध्ये एक बाजू आणि पुढच्या जूनमध्ये दुसरी. मामा रस्त्याकडून सुरुवात करणार होते.

“आधी आतली,” सासूबाईंनी निकाल दिला. “बाहेरची पुढच्या वर्षी बघू.”